दह्याला घातलेला स्वेटर

पहाटे नळाला पाणी आलं आणि मी शहाणपणा केला.

आमच्या जेसल पार्कातल्या बिल्डिंगमध्ये पाणी आलं की माणूस विचार करत नाही, बादल्या लावतो. ओट्यावर दोन मोठी झाकलेली पातेली आडवी येत होती. मी ती उचलून गॅलरीत नेऊन ठेवली. खाडीकडून डिसेंबरचा गार वारा येत होता. वर एकाचं झाकण काढून, पातेलं जरा कलतं करून पाहिलंसुद्धा. आतलं डुचमळलं. म्हटलं, दूधच तर आहे.

ते दूध नव्हतं. होऊ घातलेलं दही होतं. बायकोच्या पहिल्या ऑर्डरचं.

चौथ्या मजल्यावरच्या गुजराती बेनच्या मुलीचा त्या दुपारी खाली हॉलमध्ये साखरपुडा होता आणि दहीवडे आमच्याकडून जायचे होते. इतकी वर्षं ही नातेवाइकांना फुकट खाऊ घालत आली. ‘आता मी ऑर्डरी घेणार,’ असं तिने दिवाळीत जाहीर केलं तेव्हा मी हसलो होतो. हसायला नको होतं, हे मला त्याच दिवशी कळलं. बेनचा भजनमंडळात मोठा शब्द. दही जमलं तर पुढच्या ऑर्डरी तिथूनच येणार, बिघडलं तर बातमी पलीकडच्या इंद्रलोक वस्तीपर्यंत जाणार. हे सगळं सांगून बायको आदल्या रात्री म्हणाली होती, “पातेल्यांना हात लावू नका हं, दही सेट होतंय.” मी मोबाईलमध्ये बघत ‘हूं’ म्हटलं होतं.

थोडा दोष त्या शब्दाचाही आहे, अशी मी माझी समजूत घातली. आमच्या घरात ‘सेट’ इतक्या ठिकाणी लागतो की कान तिकडे लक्षच देत नाहीत. आईचं दही ‘लागायचं’. वडिलांच्या मिठागरात मीठ ‘पिकायचं’. काकांचं लग्न ‘जमलं’ होतं. आता सगळंच सेट होतं. सलूनवाला माझी दाढी सेट करतो, मी गजर सेट करतो आणि झोपेत बंदही करतो. सासऱ्यांनी दिलेला सोफासेट आहे. त्यातल्या एका खुर्चीचा पाय डुगडुगतो, तरी तो सेटच. आणि मुलगा नव्या नोकरीसाठी हैदराबादला गेलाय, त्याला मी रोज फोनवर विचारतो, “काय रे, सेट झालास का?” तो रोज म्हणतो, “होतोय, बाबा.”

“पातेली कुठायत?” बायको उठून ओट्यापाशी आली होती.

“गॅलरीत. पाणी आलं होतं ना.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. गॅलरीत जाऊन तिने झाकण उचलून नुसतं पाहिलं.

“हलवलंत?”

“थोडंसं. म्हणजे, कलतं केलं.”

“बोटही घातलंत?”

“नाही!” माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच होतं.

पातेली आम्ही दोघांनी झोपलेलं बाळ उचलावं तशी आत आणली. दोन परातींत कोमट पाणी घालून तिने ती त्यात ठेवली. एकाला चादर गुंडाळली. दुसऱ्यासाठी कपाटातून माझा मरून रंगाचा स्वेटर निघाला, लग्नाकार्यात घालायचा.

“इथे बसा. पाणी गार झालं तर हाक मारा. हात लावायचा नाही,” असं बजावून ती वडे तळायला गेली.

मी बसलो. आयुष्यात पहिल्यांदाच मला काहीही न करण्याचं काम मिळालं होतं आणि तेही जड जात होतं.

तेवढ्यात बेन आली. “भाभी, दही सेट थयुं?” आणि मग तिची नजर स्वेटरवर गेली. “भाईसाब, ये क्या? दही को ठंडी लगी?”

“लगी,” मी म्हटलं. “मैंने सुबह गॅलरी में घुमाने निकाला था.”

पदर तोंडाला लावून ती हसत सुटली. मग म्हणाली, “हमारे यहाँ तो बाजरे के डब्बे में दबाते हैं. लाओ, मैं ऊपर ले जाती हूँ.” आणि तिने पातेल्याकडे हात नेला.

“नहीं!” आम्ही दोघं एकदम ओरडलो. इतकं एकमत आमचं मुलाचं नाव ठेवतानाही झालं नव्हतं.

“अरे बाप रे. ठीक छे, जेवण तर एक वाजता आहे,” असं तिच्या मराठीत म्हणत ती नेमकी डुगडुगत्या खुर्चीवर बसली. खुर्चीने निभावलं.

वडे झाल्यावर ही हात पुसत आली. स्वेटर काढला, पातेल्याला हलकी टिचकी मारली. पहाटे डुचमळणारं ते आता एकाच अंगाने थरथरलं आणि थांबलं. दुसरंही तसंच. बायकोने डोळे मिटून श्वास सोडला. मग रवी घेतली आणि ते सगळं दही घुसळून टाकलं! ‘मग मी हलवलं तर काय बिघडलं?’ हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

हॉलमध्ये दहीवडे सगळ्यांत आधी संपले. बेनच्या नणंदेने आपल्या घरच्या पूजेसाठी तिथेच विचारलं. “बघते, सांगते तुम्हाला,” बायको म्हणाली, इतक्या ऐटीत की जणू तिची वही गच्च भरली होती.

संध्याकाळी मी मुलाला फोन लावायला घेतला. बायको सोफ्यावर पाय पसरून बसली होती. “अहो, आज त्याला जेवलास का एवढंच विचारा,” ती म्हणाली. “रोज रोज झाकण नका उघडू. आणि तो स्वेटर धुवायला टाका, दह्याचा वास मारतोय.”