जाऊबाईंचं 'नाई'

मैत्रिणींनो, आज दुपारी कारंजाला आमच्याच घरच्या हळदीकुंकवात मी मोठ्या जाऊबाईंना सगळ्या बायकांसमोर उघडं पाडलं. मला अजिबात पस्तावा नाही.

माझी मुलगी वाण वाटता वाटता दमून बसली. जाऊबाई लगेच बायकांना सांगतात, "पोरगी जन्मापासूनच नाजूक हाय."

माझं डोकंच फिरलं.

ती सहा वर्षांची असताना आम्हा सगळ्यांना कोरोना झाला होता. नणंदेचं लग्न तोंडावर होतं, म्हणून घरच्यांनी तो लपवला. महिन्याभराने, लग्न आठवड्यावर आलं असताना, पोरगी तापाने फणफणली. डोळे लालभडक, अंगभर पुरळ. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोणाला कोरोना झाला होता का?" जाऊबाई पटकन म्हणाल्या, "नाई."

गोवर समजून तीन दिवस वाया गेले. कोरोनानंतर काही लेकरांच्या अंगात अशी सूज येते, हे नागपूरच्या आयसीयूत कळलं. तोवर सूज हृदयापर्यंत पोचली होती. अजूनही दर वर्षी तपासणीला न्यावं लागतं.

हे सगळं मी आज ऐकवलं. जाऊबाईंनी हातातला करंडा खाली ठेवून मान खाली घातली. खोटं कशाला बोलू, बघून गार वाटलं. कितीतरी वर्षं मी याचीच वाट पाहत होते.

तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तू बी तं तिथंच उभी होती. तू काऊन नाई बोलली?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

जाऊबाईंवर मी सूड उगवला. आता सांगा, माझ्यावर कोणी उगवायचा?