फक्कीची भिंत

आमच्या मोठ्या जाऊबाईंशी मी बावीस वर्षं भांडतेय आणि एकदाही जिंकलेली नाही. कारण त्या भांडतच नाहीत. आपण घसा कोरडा करावा आणि त्यांनी तोंडात टाचण्या धरून नुसती मान डोलवावी. शिवणकाम करतात त्या. तोंडात टाचण्या असलेल्या बाईशी भांडायचं तरी कसं, तुम्हीच सांगा.

आमची घरं एकाला एक लागून, मधली भिंत एकच. त्यांच्या रस्त्याकडच्या खोलीत मशीन आणि दारात, चाकाच्या खुर्चीवर, भाऊजी. पाच वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. सकाळी जाऊबाई त्यांना दारात आणून बसवतात, ते अंधार पडेपर्यंत तिथंच. जाता-येता सगळी गल्ली त्यांच्याशी बोलते. त्यांना एकेक शब्द जुळवायला वेळ लागतो, पण लोक थांबतात. पोस्टमनसुद्धा सायकल टेकवून थांबतो. हा माणूस दारावर जगतोय, असं डॉक्टरच म्हणाले होते.

जाऊबाईंचा हात मात्र मानला पाहिजे. टेप नावाला गळ्यात, माप सगळं नजरेनं. शाळेच्या गणवेशात आत दोन बोटं कापड जास्त सोडतात आणि पुढच्या वर्षी पोर वाढलं की तेच उसवून देतात. अहो, नवीन शिवायला सांगा की, असं मी किती वेळा म्हटलं. मान डोलते, बस्स.

घरं जुनी झाली होती. भिंतींना ओल, छपराला बुरशी. आमच्या ओळीच्या टोकाला एका बंद पडलेल्या गोदामाची जागा रिकामी होती, कचरा आणि मांजरं सोडून तिथं कुणी नव्हतं. तर ठरलं असं, की आधी त्या जागेत नवी इमारत उभी करायची, आम्ही सगळ्यांनी तिच्यात जायचं आणि मगच जुनी ओळ पाडायची. कुणी गल्ली सोडायची नाही, चार महिन्यांसाठीसुद्धा नाही. माझा आधी विश्वासच बसेना. ‘तात्पुरते हला’ म्हणून हललेली माणसं परत आलेली मी तरी पाहिली नव्हती.

नकाशा करणारी इंजिनीअर मुलगी गुणी होती. दोन्ही जावांना तळमजला दिला, तोही शेजारी-शेजारी. पण मी तिला सुखानं जगू दिलं नाही. माझं स्वयंपाकघर नकाशात अरुंद होतं, ओट्यापुढं वाकलं की पाठ भिंतीला लागणार. दर बैठकीत माझं तेच रडगाणं. शेवटी सुधारलेला नकाशा आला आणि त्यात माझं स्वयंपाकघर चक्क वीतभर जास्त रुंद! रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, असं मी गल्लीभर सांगत सुटले.

तिकडे दूरच्या शहरातून पुतण्याचे रोज फोन. अकराव्या मजल्यावर त्याचं छान घर आहे, लिफ्ट आहे, पोरगाही मनानं चांगला आहे. आईबाबांना घेऊनच जातो म्हणत होता. जाऊबाईंनी त्याला सांगून टाकलं: नव्या घरात आतल्या खोलीतून दारापर्यंत बाबांची खुर्ची नीट आली तर आम्ही इथंच राहू, नाही आली तर तुझ्याकडे येऊ. अकराव्या मजल्यावरच्या दाराशी कोण थांबणार होतं भाऊजींसाठी? पण असलं बोलायची मला सवय नाही. मी त्या दिवशी त्यांच्याशी वाळत घातलेल्या कपड्यांवरून भांडले.

खोदाईच्या आधी त्या मुलीनं एक भारी गोष्ट केली. आम्हाला नकाशे वाचता येत नाहीत हे तिला कळून चुकलं होतं. तिनं रिकामी जागा साफ करून तळमजल्याची सगळी घरं खऱ्या मापात जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं आखली. पांढरी रेघ म्हणजे भिंत, रेघ तुटली की दार. म्हणाली, चार पावलं राहून बघा, आत्ता चूक सापडली तर पायानं पुसता येईल.

रविवारी सकाळी सगळी गल्ली लोटली. कुणी खाट आणून तिच्यावर आडवं झालं. पलीकडच्या मास्तरांनी नसलेल्या दाराला कडी घालून बायकोला बाहेर ठेवलं, तर ती भिंतीतून आत आली. मी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून ऐटीत गोल फिरले.

मग जाऊबाई भाऊजींना घेऊन आल्या. आतल्या खोलीत खुर्ची छान मावली. तिथून घरातल्याच बोळात वळून दारापर्यंत यायचं होतं. बोळाची एक भिंत म्हणजे आमची मधली भिंत. त्यांनी खुर्ची वळवली आणि चाक रेघ ओलांडून माझ्या स्वयंपाकघरात आलं. मागं घेतली, पुन्हा वळवली. पुन्हा माझ्या घरात. हसणं थांबलं. भाऊजी मान खाली घालून चाकाकडे बघत राहिले.

जाऊबाईंनी चाकाला लागलेली फक्की रुमालानं पुसली. “असू दे,” त्या म्हणाल्या. “पोराला कळवते.”

“मी सांगितलं होतं तुम्हाला,” ती मुलगी एकदम म्हणाली. जाऊबाई मानेनं तिला नको-नको करत होत्या, पण तिला राहवलं नाही. पहिल्या नकाशात खुर्ची आरामात वळत होती. जाऊबाईच एकट्या तिच्या ऑफिसात गेल्या होत्या, बोळातली वीतभर जागा माझ्या स्वयंपाकघराला द्या म्हणून सही करून आल्या होत्या. तिनं अडवलं, तर म्हणाल्या, मी नजरेनं बघितलंय, वळेल खुर्ची. आयुष्यभर लोकांची मापं बरोबर घेणाऱ्या बाईची नजर चुकली होती.

माझं डोकंच फिरलं. “तुम्हाला कुणी सांगितला होता हा शहाणपणा?”

“संध्याकाळी कंबर धरून कण्हतेस,” त्या म्हणाल्या. “भिंतीतून ऐकू येतं मला.”

मला रडू आलं, सगळ्या गल्लीसमोर आलं, आणि मी ते पुसलंही नाही. चप्पल काढली आणि पायानं ती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसून टाकली. मुलीला म्हटलं, वीतभर इकडे घे, आणि वर आणखी चार बोटं. जाऊबाई हात धरायला आल्या. म्हटलं, तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात उभ्या आहात, इथं मी सांगीन तसं व्हायचं.

नवी रेघ पडली. जाऊबाईंनी खुर्ची वळवली. चाक रेघेला न शिवता सरळ दारापर्यंत गेलं. भाऊजींनी डावा हात हलवून पुन्हा न्यायला लावलं, मग आणखी एकदा.

जाऊबाईंनी तिथंच उभं राहून पुतण्याला फोन लावला. तो कधी न्यायला येऊ म्हणून विचारत असावा.

“नको रे,” माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या. “आम्ही कुठले येतोय? तुझ्या काकूचं स्वयंपाकघर लहान झालंय. ती आता आमच्याकडेच जेवणार.”