गुऱ्हाळ स्टॉपचा मॉल

आमच्या मॉलमधून दुकान हलवताना लोक काय काय नेतात! शोकेस नेतात, एसी उतरवतात, भिंतीतले खिळेसुद्धा उपटून नेतात. घडलेलं सगळं मात्र माझ्या काउंटरवर ठेवून जातात. पहिल्या दिवसापासून मी इन्क्वायरीला बसते, त्यामुळं माझ्याकडं साठलंय फार. घरी एखादा किस्सा सुरू केला की आमचे हे म्हणतात, "कल्पना, भाकरी करपली बघ." म्हणून म्हटलं, आज तुम्हालाच धरावं.

मॉल कोल्हापूरच्या बाहेर, हायवेला लागायच्या आधी. पूर्वी तिथं गुऱ्हाळ होतं, उसाचा रस आटवून गूळ व्हायचा. आता मॉलला झक्कास इंग्रजी नाव आहे, पण बसच्या कंडक्टरनं ते आजवर एकदाही घेतलेलं नाही. "गुऱ्हाळवाले उतरा!" असं ओरडतो, आणि सेंट मारलेली, गॉगल लावलेली पोरं गपगुमान उतरतात!

•

उद्घाटन झालं त्या आठवड्यात गर्दी खरेदीला नव्हतीच. सरकत्या जिन्याला होती! शाहूवाडीकडून लोक जीप ठरवून आले होते.

जिन्याच्या तोंडाशी आमचे सिक्युरिटीचे प्रमुख, सुभेदारमामा. मिलिटरीतून रिटायर झालेले, मिशा पिळलेल्या. त्यांनी जिन्याची परेडच करून टाकली. "सावधान! पाय उचल! ठेव! हात पट्ट्यावर! पुढचा!"

एक आजी अशा हुकमात वर गेल्या आणि कुस्ती जिंकल्यासारखा हात वर केला. खाली टाळ्या पडल्या. अर्ध्या तासानं वरून हाक आली, "आरं मिशावाल्या! आता खाली सोड की!"

घोटाळा असा की मालकांनी सरकता जिना एकच बसवला होता. वर जाणारा. मामा म्हणाले, "आजी, उतराय पायऱ्या हायत की."

"व्हय? न्यायला मशीन आणि उतराय माझं गुडघं? आरं, चढताना न्हाय दुखत, उतरताना दुखत्यात!"

आजूबाजूच्या पन्नाशीच्या पुढच्या सगळ्या बायकांनी माना हलवल्या. मामांनी हात दिला आणि आजींना एकेक पायरी करत खाली आणलं. दुसऱ्या दिवशी मालकांच्या केबिनमध्ये जाऊन बसले ते जिना उलटा फिरवून घेऊनच उठले.

तेव्हापासून आमचा जिना फक्त खाली येतो. नवीन पावणं वर जायला जातात, अडखळतात आणि विचारतात, "बंद आहे का हो?"

मामा सांगतात, "चालू हाय. तुमचं गुडघं धड हायत, तुम्ही पायऱ्यांनी जावा."

•

माइक माझ्या हातात असतो. एका रविवारी चारेक वर्षांचा एक गडी माझ्या काउंटरशी उभा. रडत नव्हता, काही नव्हतं. विचारलं, "कुणाबरोबर आलास?" म्हणाला, "आबा."

मी अनाउन्समेंट केली, "आबा जिथं असतील तिथून त्यांनी काउंटरला यावं. आपला मुलगा वाट बघतोय."

पाच मिनिटांत सात आबा जमले! त्यातल्या दोघांनी तर मुलं बरोबरच आणली होती, तरी आले. एक म्हणाले, "नाव माझं घेतलं, म्हणून आलो. न्हाय आलो तर बरं दिसत न्हाय." पोरानं एकेकाकडं नीट बघितलं आणि सांगितलं, "ह्यातलं न्हाय."

तेवढ्यात साडीच्या दुकानातून त्याची आई धावत आली. घामाघूम झालेली. पोराला उचललं आणि त्याच्या डोक्यावर तोंड ठेवून घटकाभर तशीच उभी राहिली. मग मला म्हणाली, "ताई, आबा म्हंजे ह्याचा आजा. तो गावाकडं म्हशीजवळ हाय!"

सातही आबांनी हुश्श केलं. मग सगळे मिळून बाहेर चहाला गेले. त्यातल्या तिघांची अजून दोस्ती आहे.

•

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे तळमजल्यावरचं कपड्यांचं शोरूम. एक दिवस बाहेरच्या शहरातून कंपनीचा ईमेल आला आणि शोरूम बंद. तिथल्या पोरी माझ्या काउंटरशी येऊन रडल्या. त्यातल्या दोघींना मी आणि मामांनी शेजारच्या बेकरीत चिकटवलं, बाकीच्या गेल्या.

कंपनीनं सगळं नेलं, पण बारा पुतळे तळघरात टाकून दिले. कपडे घालून उभे करतात ते पुतळे. नुसते, उघडे.

साफसफाईच्या अक्काताईंना ते बघवेना. "बिचाऱ्या अशा कशा उभ्या ठेवायच्या ओ? ये-जा असती गड्यांची." घरून साड्या आणणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी स्टोअरमधले हाउसकीपिंगचे जुने निळे युनिफॉर्म काढले आणि बाराही जणींना घातले. टोप्यांसकट.

त्याच आठवड्यात मालक पार्किंग बघायला तळघरात उतरले. चेहरा पडलेलाच होता, शोरूम गेल्यापासून झोप नव्हती त्यांना. अर्धवट उजेडात लांबूनच त्यांनी बघितलं आणि तिथूनच ओरडले, "सुभेदार! एवढी बारा माणसं नुसती उभी का? मला बघून एकीनं झाडूसुद्धा हातात घेतला न्हाय!"

मामा ताठ उभे राहून म्हणाले, "साहेब, सावधानमध्ये हायत!"

मालक जवळ गेले. एकीच्या खांद्याला हात लावला. आणि महिनाभरात पहिल्यांदा असे हसले, असे हसले की अक्काताईंनी त्यांना पाणी आणून दिलं.

•

मल्टिप्लेक्स गेलं आणि तिथं लग्नाचा हॉल झाला. खुर्च्या सिनेमाच्याच राहिल्या, मागं रेलणाऱ्या. पहिलंच लग्न. अंतरपाट धरला, मंगलाष्टका सुरू झाल्या आणि लाइट गेली. अख्ख्या हॉलनं सवयीनं शिट्ट्या मारल्या!

लाइट आली तेव्हा नवरीनं नवऱ्याच्या गळ्यात हार घालून टाकला होता. भटजी कासावीस. "अहो, दोन मंगलाष्टका राहिल्यात!"

नवरी म्हणाली, "इंटर्व्हलनंतर म्हणा की!"

•

पहिल्या मजल्यावर चौदा नंबरचा गाळा. तिथं आइस्क्रीम आलं, गेलं. मोबाइल आला, गेला. हुपरीहून एक पैंजणवाले आले. माल असा की बघत राहावं, तरी सहा महिन्यांत गेले. वास्तूवाले येऊन बघून गेले. दार बदललं, रंग बदलला, कासव ठेवलं. कासवसुद्धा कुणीतरी नेलं!

मग पुष्पाताई आल्या. नवरा फाउंड्रीत होता, हाताला इजा होऊन घरी बसलेला. दोन मुली शिकत होत्या. घरात बसून साडीला फॉल-पिको करायच्या, पण आता त्यावर भागेना. गाळा घ्यायच्या आधी त्या चार दिवस रोज येऊन माझ्या शेजारी स्टूल टाकून बसल्या. नुसत्या वर त्या गाळ्याकडं बघायच्या.

पाचव्या दिवशी म्हणाल्या, "गाळ्यात कायबी खोट न्हाय. समोर बायकांचं टॉयलेट हाय."

"मग?"

"दुकानात आजवर सगळे बाप्ये बसले. ते समोर बघत बसणार, बायका मान खाली घालून सटकणार. कोण थांबतंय तिथं? मी बाई हाय. मी बाक टाकते."

त्यांनी खरंच दाराशी एक बाक टाकला, एक आरसा लावला आणि सेफ्टी पिनांची डबी ठेवली. फुकट. आत गेलेल्या मैत्रिणीसाठी थांबलेल्या बायका बाकावर टेकायच्या. कुणाच्या साडीचा काठ उसवलेला, कुणाचा ब्लाउज घट्ट झालेला. बसल्या बसल्या पिशव्यांमधून साड्या बाहेर यायला लागल्या.

आता तिथं तीन मशीन आहेत. नवरा एका हातानं बटणं आणि लेस निवडून देतो, सगळ्यांत लवकर! परवा ते वास्तूवाले पुन्हा आले, बायकोची साडी घेऊन. गाळा बघून म्हणाले, "बघा, दार बदलल्याचा गुण आला शेवटी."

पुष्पाताई मान वर न करता म्हणाल्या, "व्हय तर. समोरचं दार कायम उघडं असतंय न्हवं!"

•

आता हा एक सांगते आणि उठते.

दुसऱ्या मजल्यावर मुलांचा गेम झोन होता. तो बंद पडला तेव्हा मालकांनी जागेचे दोन भाग केले. एका बाजूला डायलिसिस सेंटर, दुसऱ्या बाजूला पोलीस भरतीचा क्लास. मध्ये नुसतं प्लायवूड.

डायलिसिसला माने सर यायचे. हायस्कुलात आयुष्यभर गणित शिकवलेले. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, उजव्या हातात सुया आणि शेजारी मशीन. बोलायचे नाहीत कुणाशी. त्यांची बायको माझ्याजवळ बसायची. "घरी तर भिंतीकडं तोंड करून झोपतात," म्हणायची.

एक दिवस पलीकडं क्लासमध्ये आगगाडीचं गणित चाललं होतं. सर एकदम सिस्टरना म्हणाले, "कागद घ्या. लिहा. उत्तर चूक आहे. गाडीची स्वतःची लांबी मिळवायची राहिली."

सिस्टर चिठ्ठी घेऊन पलीकडं गेल्या. क्लासचा मास्तर तरुण होता, पण मनानं मोकळा. सगळ्यांसमोर चिठ्ठी वाचली, फळा पुसला आणि सरळ सरांच्या बेडपाशी आला. "सर, तुम्हीच शिकवा की."

"मला कुठं उठता येतंय?"

दुसऱ्या आठवड्यात मालकांनी प्लायवूडला खिडकी पाडून दिली. डॉक्टरांनी अट घातली, बीपी वाढलं की तास बंद. सर पडल्या पडल्या शिकवायचे आणि पलीकडं साठ पोरं चिडीचूप. बाकीचे पेशंटही वेळ जातो म्हणून ऐकायचे.

खिडकीला लागून रूपाली बसायची. कागलकडची. पहाटे धारा काढून पहिल्या बसनं यायची. मैदानी परीक्षेत पहिली, पण लेखीत गणितानं दोनदा मागं पाडलेली. ही शेवटची खेप, नंतर लग्न, असं घरच्यांनी सांगून टाकलेलं. सर तिला दर वेळी उभी करायचे. चुकली की म्हणायचे, "पुन्हा. मला अजून तीन तास कुठं जायचं न्हाय, तुला हाय का?"

रूपाली निवडली गेली. ट्रेनिंगला गेली. सरांचं येणं चालूच होतं. थकले होते, पण तास चुकवत नव्हते.

मागच्या महिन्यात दुपारी ती माझ्या काउंटरसमोरून गेली. खाकी युनिफॉर्म, टोपी, बूट कडक वाजत होते. मी ओळखलंच नाही, मामांनी ओळखलं. आम्ही दोघं तिच्या मागं वर गेलो.

ती दारात उभी राहिली, टाचा जुळवल्या आणि सरांना खाडकन सॅल्यूट ठोकला. सगळं सेंटर बघत राहिलं. सरांचा उजवा हात हलला, सिस्टरनी तो दाबून धरला.

सर म्हणाले, "पोरी, ह्या हातात सुया हायत. डाव्यानं चालतंय का?"

"न्हाय चालत, सर," रूपाली म्हणाली. "मी थांबते."

आणि बाहेरच्या खुर्चीवर टोपी मांडीवर घेऊन दोन तास बसून राहिली.