कवेलूंचा स्लॅब
जुन्या कवेलूंचा, म्हणजे कौलांचा, धुळकट, भाजल्या मातीचा वास आला की मला बार्शीटाकळीचं ते घर आठवतं. अंगणवाडीत काम करणाऱ्या एका बाईंसाठी मी ते बांधत होतो. सिमेंट कमी लागावं म्हणून त्यांच्याच पडक्या छपराचे कवेलू मी नव्या स्लॅबच्या पोटात बसवले होते, आणि हा स्लॅब अंगावर येणार, असं गावभर झालं होतं. स्लॅबखालचे लाकडी टेकू, म्हणजे सेंट्रिंग, खोलायच्या दिवशी मिस्त्री अडून बसला. "सायेब, तुमी आत उभे राहा, मंगच मी बल्ल्या काढतो." मी आत गेलो, तर मागोमाग बाईही आल्या. बाहेर थांबा म्हटलं, तर म्हणाल्या, "माह्यं घर हाय, मी काहून भाईर थांबू?" कडेच्या बल्ल्या निघाल्या. मधलीवर हातोडा बसला, ती आडवी झाली आणि वर कट्‌कन आवाज झाला, कवेलूचा टवका माझ्या खांद्यावर पडला. मिस्त्री हातोडा टाकून अंगणात पळाला. आम्ही दोघं आत तसेच उभे. पुढे काहीच झालं नाही. स्लॅब होता तिथेच होता. "भीती नाही वाटली?" मी विचारलं. "मी वर कुठी पायलं? तुमच्या तोंडाकडे पाहून रायली होती. तुमी पयाले असते, त मीबी पयाली असती." आता अमरावतीत बांधकाम शिकणाऱ्या मुलांना शिकवताना तो स्लॅब मी फळ्यावर काढतो, त्याचं गणितही मांडून दाखवतो. पण त्या दिवशी माझे पाय हलले नाहीत ते गणिताच्या भरवशावर, की भीतीने उचललेच नाहीत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.