मायने ओवाळलेली स्कूटर

आमच्या नव्या स्कूटरने दसऱ्याच्या सकाळी मायच्या आरतीला दिवे मिचकावून उत्तर दिलं, आणि आमच्या घरातलं इंजिनिअरिंगचं स्थान तिथून घसरायला लागलं.

इंजिनिअरिंग म्हणजे मी. मेकॅनिकल, दुसरं वर्ष. घराण्यात कॉलेजात गेलेला पहिलाच, त्यामुळे सुरतेतल्या डिंडोलीच्या आमच्या गल्लीत पंखा कुरकुरला, मिक्सर बिघडला, नळाचं पाणी गेलं, तरी लोक मलाच विचारतात. (नळाचा माझ्या अभ्यासक्रमाशी काही संबंध नाही. पण इतक्या विश्वासाने विचारतात की नाही म्हणवत नाही.)

इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचा आग्रह माझाच. आप्पा, म्हणजे माझे वडील, सचिन औद्योगिक वसाहतीत यंत्रमागाच्या कारखान्यात आहेत. "जी गाडी बोलतच नाही, तिचा भरवसा काय?" असं त्यांचं म्हणणं. (दिवसभर मागांच्या खडखडाटात राहणाऱ्या माणसाला शांतता संशयास्पदच वाटणार!) शेवटी कबूल झाले, पण एका अटीवर. "शोरूमवाला आठवड्यात परत घ्यायला तयार आहे. मला एकदा जरी रस्त्यात पायी चालवलं, तर गाडी परत. समजलं का, इंजिनिअर?"

समजलं. म्हणजे, तेव्हा तसं वाटलं.

शोरूमवाल्याने सांगितलं होतं, किल्ली लावायची भानगडच नाही, बटण दाबा आणि निघा. सोबत एक काळी, गुळगुळीत डबी दिली होती.

"हाई काय शे रे, भाऊ?" मायने तिच्या अहिराणीत विचारलं.

"काही नाही माय. गर्दीत गाडी सापडली नाही, तर शोधायला असते."

हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. पण मी सांगितलं!

"मंग पूजामा ठेवस मी तिले." आणि डबी आरतीच्या ताटात, झेंडूच्या फुलांखाली गेली. गाडीसोबत जे जे घरात येईल, त्याला हळदकुंकू लागलंच पाहिजे, हा मायचा नियम.

गल्ली जमली. माय ताट घेऊन स्कूटरजवळ आली, आणि स्कूटर 'टिंग' वाजून लुकलुकली! माय दचकून मागे सरली. स्कूटर विझली. माय भीत भीत पुढे आली. टिंग!

"ओ माय वं! गाडी पाया पडी राह्यनी!" शेजारच्या सुमनमावशी ओरडल्या.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता काहीतरी बोलणं भाग होतं. "सेन्सर आहे," मी म्हणालो. "ज्योतीची उष्णता ओळखतो."

आप्पांनी अभिमानाने गल्लीवर नजर फिरवली. मला माझ्याच विद्वत्तेची जराशी भीती वाटली.

चाकांखाली लिंबं ठेवली. मी पुढे, आप्पा मागे, माय शेजारी ताट धरून उभी. बटण दाबलं, लिंबं फुटली, टाळ्या! आणि दसऱ्याला सुरतेत फाफडा-जिलेबी हवीच, म्हणून पहिली फेरी फरसाणाच्या दुकानाची.

दुकानासमोर गाडी बंद करून आम्ही रांगेत लागलो. रांगेत आप्पांच्या कारखान्यातले दोघे भेटले. "पोराने निवडली," आप्पा सांगत होते. "आरती ओळखते!"

पुडकं घेऊन परत आलो. बटण दाबलं.

"चालू झाली का?"

"हिला आवाज नसतो, आप्पा."

"मग चल ना."

"...चालूच नाहीये."

मी बटण हळू दाबलं, जोरात दाबलं, डोळे मिटून दाबलं. दुकानदार कढईवरून ओरडला, "शुं थयुं? नवी गाडी ने धक्को?"

आप्पांनी विचार केला. "ज्योतीची उष्णता लागते म्हणालास ना? काडी पेटवू?"

इथे मला खरं बोलायची संधी होती. मी म्हणालो, "पेटवून बघा."

आणि माझ्या वडिलांनी दुकानदाराकडून काडेपेटी मागून, भर रस्त्यात, अख्ख्या रांगेसमोर स्कूटरला ओवाळलं! "काका, गोल फिरवा, गोल!" रांगेतून सल्ला आला. तीन काड्या जळाल्या, आप्पांचं बोट भाजलं. स्कूटर नास्तिक निघाली.

मग मी गाडी ढकलत आणि आप्पा पुडकं धरून पुढे, असे आम्ही पायी निघालो. गल्लीच्या तोंडाशी आप्पा वळून म्हणाले, "जिलेबी गार झाली. उद्या गाडी परत."

दारात माय अजून ताट घेऊन उभी होती, कारण तोवर गल्लीतल्या सायकली आणि एक बाबागाडीसुद्धा ओवाळून घ्यायला आल्या होत्या. आम्हाला बघून ती धावली. "काय व्हयनं रे?"

टिंग!

दिवे लागले. मी बटण दाबलं. गाडी निमूट पुढे सरकली.

"मन्हंच ऐकस ती," माय शांतपणे म्हणाली.

मी कोपऱ्यात जाऊन शोरूमला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "अरे भाई, चाबी लगानी नहीं है, पास में रखनी तो है! वो काला डिब्बा किधर है?"

मी झेंडूची फुलं बाजूला केली. डबी हळदकुंकू लावून प्रसन्न बसली होती.

सगळं खरं सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं, भाजलेल्या बोटावर फुंकर मारली, माझ्या हातातून फोन घेतला. गाडीत खोट नाही हे त्यांना पटलं होतं. गाडी राहणार होती.

फक्त आठवड्याच्या आत इंजिनिअर परत घेता का, एवढंच त्यांनी विचारलं.