अंगठा पोचेल तिथं

पणदऱ्याचा इंद्रजित दहावीच्या सुट्टीत कडबाकुट्टीच्या यंत्रात वैरण सारत होता. घरी म्हशी बऱ्याच, धारांची वेळ झालेली. वैरणीबरोबर उजवा हात आत ओढला गेला आणि पंजा मनगटापासून गेलाच. दवाखान्यातून घरी आल्या आल्या त्यानं डाव्या हातानं आपलं नाव गिरवायला घेतलं. पोरगं धीराचं आहे, असं सगळे म्हणाले. होताच तो धीराचा. पण तेव्हापासून एक सवय त्याच्या अंगात मुरली. आपल्याला जे जड जातं, ते चारचौघांत बोलायचं नाही.

पुढं बारामतीत तो कॉम्प्युटर शिकला, वेबसाइट बनवायला लागला आणि भिगवण रोडला एका दुकानाच्या माडीवर त्यानं लहानसं ऑफिस थाटलं. की-बोर्डवर त्याचा डावा हात असा फिरायचा, की नवा माणूस काम सोडून बघत बसे.

एक दिवस शेळगावचे मोहनराव आणि त्यांची सून निकिता त्याच्याकडं आली. त्यांची रोपवाटिका होती. मिरची, टोमॅटो, वांगी, कलिंगड. बुकिंग निकिता बघायची आणि दिवसभर फोनवर एकच उत्तर देऊन तिचा घसा बसायचा.

"मिरचीची रोपं कधी मिळतील, एवढंच इचारत्यात सगळी," ती म्हणाली. "ते वेबसाइटवर दिसलं तर मला तेवढाच इसावा."

इंद्रजितनं दोन नमुने केले. एकात फोनच्या स्क्रीनवर तळाला पट्टी, त्यात चार बटणं. दुसऱ्यात वर उजव्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा. त्या दाबल्या की सगळा मेनू खाली उलगडायचा, त्यात कितीही नावं मावायची.

मोहनरावांनी दोन्ही निरखून पाहिले. "मोठ्या कंपन्यांचं वरच आसतंय की. अन् ह्यात आमचे पुरस्कार, सत्कार, समदं बसतंय. तुमाला काय वाटतं, इंद्रजितराव?"

इंद्रजित घुटमळला. त्याला स्वतःला तळाची पट्टी सोयीची होती. फोन डाव्या हातात धरायचा आणि त्याच हाताच्या अंगठ्यानं दाबायचं, तर उजवा कोपरा त्याच्यासाठी फार लांब. पण ही अडचण आपली. आपल्या एका हातापायी लोकांचा मेनू खाली का आणायचा?

"वरचंच करू," तो म्हणाला.

साइट दिसायला देखणी झाली. लागणीचा हंगाम सुरू झाला आणि निकिताचा फोन आला. "दादा, फोन काय थांबंनात. लोक साइट उघडत्यात अन् परत मलाच इचारत्यात. एकदा येऊन बघा."

इंद्रजित सकाळच्या एसटीनं निघाला. शेडनेटच्या दाराशी खुर्ची टाकून तो गिऱ्हाइकं बघत बसला. एक शेतकरी मोटरसायकलवरून न उतरताच, एका हातानं हँडल धरून, दुसऱ्या हातानं फोन चाळत होता. एक बाई कडेवरच्या पोराला सावरत अंगठ्यानं साइट वरखाली सरकवत होती. मेनू कुठं आहे ते तिला सापडलंच नाही. मागून रोपांचा रिकामा ट्रे काखोटीला मारलेला एक माणूस आला. तीन रेघा त्याला दिसल्या. त्यानं अंगठा ताणला, फोन तळव्यात तिरपा केला, आणखी ताणला, आणि फोन निसटून कोकोपीटच्या ओल्या भुशात पडला.

"जाऊ दे तिच्यायला," म्हणत त्यानं तो पुसला आणि निकितालाच हाक मारली, "ताई, मिरची कधी?"

सगळ्यांना दोन हात होते, पण फोनसाठी कुणाचाही एकाहून जास्त हात मोकळा नव्हता. ही अडचण इतकी वर्षं इंद्रजित फक्त आपली समजत होता.

दुपारी मोहनराव आले तेव्हा त्यानं सरळ सांगितलं. "आबा, मेनू खाली आणाय लागंल. मला पयल्यापासून वर पोचत न्हाय. ह्या लोकांनाबी पोचत न्हाय."

मोहनराव त्याच्याकडं वळले. "मंग त्याच दिशी का न्हाय बोलला?"

"तुमी म्हणाल, हा आपल्या हातापुरतं बघतोय."

"आरं, मी इचारलं हुतं की तुला!" मोहनराव एकदम अरेतुरेवर आले. आवाजात राग कमी, मनाला लागल्याचंच जास्त होतं. मग ते हळूच म्हणाले, "पुरस्कारांचं काय करायचं?"

"आमच्याविषयी म्हणून एक पान करू. तितं समदे ऱ्हातील. खाली फक्त रोपं, तारखा, बुकिंग अन् फोन."

"बुकिंग कडंला नगं, मधी घ्या," निकिता म्हणाली. "डावरा असू दे न्हायतर उजवा, दोघांला गावंल."

इंद्रजितला ते पटलं. तिथंच लॅपटॉप उघडून त्यानं पट्टी बांधली आणि येईल त्याच्या हातात फोन देऊन बघितलं. तारखांच्या बटणावरचा 'उपलब्धता' हा शब्द लोक नुसता वाचून सोडून देत होते. त्याजागी 'रोपं कधी मिळतील' असं लिहिल्यावर बोटं आपोआप तिकडं वळली. तेवढं लांब नाव पट्टीत बसेना, म्हणून त्यानं ते दोन ओळींत मोडलं. दिसायला जरा ओबडधोबड झालं. त्यानं तसंच ठेवलं.

फोन पुरते काही थांबले नाहीत. म्हाताऱ्या माणसांना निकिताचा आवाज ऐकल्याशिवाय बुकिंग झाल्यासारखं वाटत नसे. पण आता तिला दुपारचं जेवण एका बैठकीत जेवता यायला लागलं, असं तिनंच कळवलं.

त्यानंतर इंद्रजितकडं द्राक्ष बागायतदारांच्या एका गटाचं काम आलं. त्यांचा माल घेणारे व्यापारी शहरात, टेबलावर मोठा स्क्रीन घेऊन बसणारे. शेळगावची पट्टी बघून गटातल्या एकानं तीच मागितली.

"तुमचे व्यापारी फोन कुठं धरून बसल्यात?" इंद्रजित म्हणाला. "तुमाला मेनू वरच पायजे. मला इचारताय तर स्पष्ट सांगतो."

त्यांनी ऐकलं, आणि त्यानं वरच्या मेनूचं काम सुरू केलं.