बोटातून जाणारा उजेड

आयातीची दारं उघडली त्या वर्षांत मी विद्यानगरच्या एका दोन खोल्यांच्या वर्कशॉपमध्ये दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करत होतो. पूर्वी एका फोटोडायोडसाठी कुणाचा तरी भाचा परदेशातून येण्याची वाट बघावी लागे. आता तो कोठीच्या बाजारातल्या गल्लीत पुडीत बांधून मिळू लागला होता. मसुरीच्या दाण्याएवढा तुकडा. उजेड पडला की त्यातून वीज वाहते, बस. पण त्या दाण्यांचा मला भलता अभिमान होता. माझ्या कामाला कुणी नावं ठेवली की मी आठ-आठ दिवस त्याच्याशी बोलत नसे.

रक्तातला प्राणवायू मोजणारं यंत्र तेव्हा आमच्याकडे नवीनच होतं. बोटाला चिमटा लावायचा. वरून लाल उजेड, खाली दाणा. बोटातून पार होऊन जो उजेड दाण्यापर्यंत पोचतो, त्यावरून आकडा निघतो. शंभराच्या जवळ असला की माणूस ठीक. एकदा दुरुस्तीचं यंत्र मी घरी आणलं होतं आणि बायकोच्या बोटाला चिमटा लावून हे सगळं तिला ऐटीत समजावलं होतं. तिला सातवा महिना होता. ती म्हणाली, मजेशीर आहे.

नवव्यात शेजारच्या खाला, म्हणजे मुसलमान मावशी, मेहंदी घेऊन आल्या. त्यांच्याकडच्या पद्धतीप्रमाणे त्यांनी बोटांची टोकं नखांसकट भरून टाकली. रंग गडद चढला तर नवऱ्याचं प्रेम जास्त, हे ऐकल्यावर मी मागे कसा राहीन? मीच बोटाने लिंबू-साखर लावत बसलो, तव्यावर लवंगा टाकून तिचे हात त्या धुरावर धरले. सकाळी टोकं काळीभोर झाली होती. मी खूश.

त्याच सकाळी उपमा खाऊन ती उठली आणि कळा सुरू झाल्या. नामपल्लीजवळच्या नर्सिंग होममध्ये पोचलो तर बाळाचे ठोके मंदावलेले. सिझेरियन करायचं ठरलं. मी बाहेरच्या बाकावर बसलो. दहा मिनिटांत नर्स आली आणि डॉक्टर तुम्हालाच आत बोलावताहेत म्हणाली. तिथलं यंत्र माझ्याच हातचं होतं. चिमट्यातला दाणा मीच आठवड्यापूर्वी बदलला होता.

हिरवा झगा चढवून आत गेलो. बायको टेबलावर, तोंडावर प्राणवायूचा मास्क, आणि यंत्रावर आकडा एक्याऐंशी. प्राणवायू पूर्ण सोडूनही तो वर सरकत नव्हता. भूल देणारे डॉक्टर मला वर्षभर ओळखत होते. ओठ बरे दिसताहेत, पण आकड्यावर विश्वास ठेवू की डोळ्यांवर, असं ते हळूच म्हणाले. आकडा खरा असेल तर पाठीतलं इंजेक्शन सोडून पूर्ण भूल द्यावी लागणार, घशात नळी घालावी लागणार. आणि पोट भरलेलं. उलटी छातीत गेली तर काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही, मला माहीत होतं.

"साब, सच बोलो," ते म्हणाले. "मशीन झूट बोल रई क्या?"

आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला विनवलं की माझं काम खोटं निघू दे. चिमटा काढून मी माझ्या डाव्या हाताच्या बोटाला लावला. अठ्ठ्याण्णव. यंत्र बरोबर होतं. म्हणजे ती हातातून चालली होती.

मी चिमटा पुन्हा तिला लावला. ती हात उचलून बोटं हलवायला लागली. घुसमटतेय असं वाटून मी तिचा हात खाली दाबला, चिमटा हलू नये म्हणून. ती पुन्हा उचलत होती, मी पुन्हा दाबत होतो. आकडा एकोणऐंशी. डॉक्टरांनी नळी मागितली.

एकदा शेवटचं बघतो म्हणून मी चिमटा ओढला. घाईत या वेळी तो उजव्या हाताच्या बोटाला लागला. शहाऐंशी. मी धडधाकट उभा, आणि शहाऐंशी. बोट बाहेर काढून पाहिलं. लिंबू-साखर लावलेलं तेच बोट, टोकाला काळपट तपकिरी.

"मेहंदी," मी म्हणालो. "कान को लगाव."

कानाच्या पाळीवर सत्त्याण्णव आले. डॉक्टरांनी नळी बाजूला ठेवली आणि पाठीतल्या इंजेक्शनसाठी तिला कुशीवर वळवायला सांगितलं. मी बाहेर येऊन भिंतीला टेकलो आणि रडलो. अर्ध्या तासाने मुलगी झाली.

दुसऱ्या दिवशी आलेल्या-गेलेल्याला मी हा किस्सा रंगवून सांगत होतो. कसं ओळखलं, कसा कान सुचला. बायको मुलीला पाजत ऐकत होती. सगळे गेल्यावर तिने काळी टोकं माझ्यापुढे धरली.

"मास्कमुळे बोलता येईना, म्हणून मी केव्हाची बोटं दाखवत होते," ती म्हणाली. "उजेड बोटातून जातो, हे तुम्हीच शिकवलं होतंत ना. तुम्ही हात दाबून धरलात."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिच्या मनगटावर मात्र माझ्या बोटांचे वळ होते, आणि मेहंदी उतरायच्या आधी ते गेले.